काचेवर चढलेला तांदूळ

१

शनिवारी सकाळी दुसरा क्लॅम मेला.

आमोद खांबेटे नऊ वाजता डोळे चोळत हॉलमध्ये आला. आधी त्याला वास आला आणि मग टाकी दिसली. कल्याणीनगरच्या त्या फ्लॅटमध्ये, पाच फुटी काचेच्या टाकीत, त्यानं दीड वर्ष खपून समुद्र वसवला होता. गाळलेल्या पाण्यात मोजून घातलेलं मीठ, पाणी गार ठेवणारं यंत्र, वर लखलखीत दिवा, खाली प्रवाळ. आणि प्रवाळांच्या मधोमध त्याचा जीव की प्राण असलेले चार जायंट क्लॅम, म्हणजे जिवंत शिंपले. जायंट हे नुसतं घराण्याचं नाव. त्या घराण्यातली ही सगळ्यांत छोटी जात, एकेक शिंपला मोठ्या लिंबाएवढा. दिवा लागला की शिंपला उघडायचा आणि आतला निळा-हिरवा मखमली ओठ बाहेर पसरायचा. हे प्राणी झाडांसारखे उजेडावर जगतात, हे तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत असे.

पहिला बुधवारी गेला होता. आज दुसऱ्याचा ओठ आक्रसून शिंपल्याबाहेर लोंबत होता.

"जयानं मघाशी काहीतरी दाखवलं मला," त्याची बायको स्पृहा आतून म्हणाली. "काचेला आतून तांदूळ चिकटलेत म्हणाली. दोन-तीन कण्या."

आमोदनं चष्मा न लावताच वाकून पाहिलं. एक पांढरी कणी दिसली. बाही वर करून त्यानं ती टिश्यूनं टिपली, बेसिनमध्ये टाकली आणि नळ सोडला.

जया, त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई, ओट्याशी उभी राहून दुपारच्या भाताचे तांदूळ निवडत होती. आमोदनं ते ताट पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. आठच दिवसांपूर्वी फिनेलच्या फडक्यानं टाकीची काच पुसली म्हणून त्यानं तिला झापलं होतं.

"डूख धरलास ना? तांदूळ टाकलेस टाकीत? कुजतो तो. पाणी नासतं त्यानं!"

"साहेब, मी टाकले असते तर मीच कशाला ताईंना दाखवलं असतं?"

"कारण तू स्वतःला फार हुशार समजतेस."

दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधले दोघं पेपर हातात घेऊन दारात आले होते. जयानं पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि एक शब्द न बोलता जिना उतरली. ती आणखी भांडली नाही याचं आमोदला तेव्हा बरं वाटलं. पुढे हेच त्याला सगळ्यांत जास्त टोचत राहिलं.

दुपारी बाराला त्यानं सोसायटीच्या याहू ग्रुपवर मेल टाकली. चारपैकी दोन दुर्मीळ क्लॅम मारले गेले, दोन उरलेत, अशा बाईपासून सावध राहा. संध्याकाळपर्यंत जयाचा गेटपास रद्द झाला. त्या इमारतीत ती चार घरी कामाला होती. चारही घरं एका दिवसात गेली.

२

पुढच्या रविवारी साडेअकराला बेल वाजली. दारात सोसायटीचे मॅनेजर रावसाहेब थिटे उभे होते, हातात वही.

"येरवड्याच्या तुरुंगात बत्तीस वर्षं काढली," असं ते ओळख करून देताना म्हणत, आणि समोरचा दचकला की पुढचं सांगत, "सुभेदार होतो. चाव्या माझ्याकडं असायच्या."

"नियम हाय, साहेब," ते सोफ्याच्या कडेवर बसत म्हणाले. "कुणाचा पास रद्द केला की पंधरा दिवसांत दोन्ही बाजू लिहून कमिटीपुढं ठेवायच्या. एक बाजू तुमच्या मेलमध्ये आली. दुसरी मी काल येरवड्याला तिच्या घरी जाऊन घेऊन आलो."

"मग काय म्हणाली?"

"तिनं टाकले न्हाईत, एवढंच. रडली न्हाई, शपथा घेतल्या न्हाईत." त्यांनी वही उघडली. "तो तांदूळ दाखवता का?"

"फेकला."

"सगळा?"

"एकच कणी होती. तेव्हा लक्षात आलं नाही."

"हं. आणि पोलिसात का गेला न्हाईत? वस्तू दुर्मीळ, मेलमध्ये तुम्हीच लिहिलंय."

आमोदनं सोफ्यावरची उशी सारखी केली.

"बिल हाय का शिंपल्यांचं?"

"मुंबईच्या एकाकडून घेतले. तो बिल देत नाही."

"देणार कसा? असे शिंपले समुद्रातून काढून विकायला बंदी हाय म्हणं. माझ्या पुतण्यानं कॉम्प्युटरवर वाचून सांगितलं." ते शांतपणे लिहीत होते. "म्हणजे चोरून आणलेला माल, आणि त्याची नासधूस केली म्हणून तक्रार."

आमोद चष्मा काढून पुसत राहिला. सोमवारचा विचार करायचा नाही असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"मी पकडायचं काम कधी केलं न्हाई," रावसाहेब म्हणाले. "पकडून आणलेल्यांबरोबर राहिलो. केलेला माणूस आणि न केलेला माणूस, दोघंही 'मी केलं न्हाई' असंच म्हणतात. पण केलेला लगेच दुसऱ्याचं नाव पुढं करतो. जयानं कुणाचं नाव घेतलं न्हाई. या घरात आणखी कोण कोण येतं?"

आमोद तोंड उघडणार एवढ्यात बेल पुन्हा वाजली. सदाशिव पेठेतून दर रविवारी जेवायला येणारे त्याचे वडील, दिगंबरपंत, छत्री टेकत आत आले. रावसाहेबांची वही पाहून त्यांचा चेहरा पडला.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले, "कधीतरी कुणीतरी विचारायला येईल."

३

"आपण काही केलंत का?" रावसाहेबांनी विचारलं.

"केलं." दिगंबरपंत खुर्चीत बसले. ते शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि दुसऱ्याची चूक काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःची सांगताना मात्र त्यांचा आवाज बारीक झाला. "मागच्याच्या मागच्या रविवारी ही दोघं जेवून झोपली होती. बाहेर लख्ख ऊन, आणि आत हा हॅलोजनसारखा दिवा जळतोय. पेठेत आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भारनियमन. मी बटण बंद केलं. दोन तासांनी, ही उठायच्या आत, चालू केलं. हे प्राणी उजेडावर जगतात हे मला नंतर समजलं."

आमोदच्या मनात काहीतरी उसळलं. ती सुटका होती. त्यानं विचार करायच्या आत शब्द तोंडातून बाहेर पडले.

"बाबा, तुम्ही दिवा बंद केलात? आणि हे मला आज सांगताय?"

"चुकलंच माझं."

"अहो, तीन दिवसांत पहिला मेला! बुधवारी!"

"मग मीच मारले असतील," म्हातारा मान खाली घालून म्हणाला. "त्या बाईला उगाच बोल लागला. कमिटीला माझं नाव कळवा."

आमोदनं वडिलांना असं खाली पाहताना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आता बोलायला हवं, या क्षणी, असं त्याला आतून कुणीतरी सांगत होतं. तो टेबलावरची वर्तमानपत्राची घडी सरळ करत बसला.

"लिहू का तसं?" रावसाहेबांनी पेन उचललं. ते दिगंबरपंतांना विचारत होते, पण पाहत होते आमोदकडे.

"दोन तासांच्या अंधारानं..." आमोद पुटपुटला. "म्हणजे, होऊ शकतं."

रावसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"गावाकडं ढग आले तर झाडं मरतात का दोन तासांत? रात्रभर तर हे अंधारातच असतात ना. मास्तर, तुमचं नाव मी लिहीत न्हाई. तुम्ही नुसतं बटण दाबलं." मग ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "ताई, जरा बाहेर येता का? तांदूळ तुम्ही पाहिलाय ना?"

४

स्पृहा पदराला हात पुसत आली. बँकेत नोकरी करणारी ही मुलगी मोजकंच बोलायची.

"पाहिला. साडेआठला. मी डबा भरत होते, जयानं हाक मारली."

"टाकीत किती खोल होता?"

"खोल नव्हता. काचेवर, इथं." तिनं आपल्या खांद्याजवळ हात धरला. "पाण्याच्या पातळीच्या थोडासा खाली. तीन कण्या होत्या."

"आणि हे साहेब उठले तेव्हा?"

"एकच राहिली होती. मला वाटलं, बाकीच्या पडल्या."

"खाली वाळूत दिसल्या का पडलेल्या?"

"नाही."

रावसाहेब उठून टाकीपाशी गेले. पडदे ओढलेले होते. उन्हानं शेवाळ धरतं म्हणून ते दिवसभर तसेच असत. तेवढ्यात घड्याळात बारा वाजले आणि टाकीवरचा दिवा आपोआप पेटला. आधी फिकट जांभळा, मग हळूहळू पांढराशुभ्र.

"हा रोज बाराला लागतो?"

"बारा ते रात्री दहा," आमोद म्हणाला. "टायमर आहे. मला पावणेसातला हिंजवडीची बस असते, परत यायला आठ वाजतात. मी घरी असेन तेव्हा टाकी दिसावी म्हणून वेळ तशी ठेवलीय."

"म्हणजे तुम्ही टाकी पाहता ती कायम उजेडात. आणि जया पाहायची ती अंधारात."

रावसाहेब पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहिले. दिगंबरपंतांनी त्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. टाकीत एक क्लॅम हळूच उघडला आणि त्यानं आपला निळा ओठ उजेडात पसरला.

"सुंदर हाय," रावसाहेब मनापासून म्हणाले. मग त्यांनी टाकीवरून हात फिरवला. सावली पडताच क्लॅम झटकन मिटला. "सावलीला घाबरतो वाटतं."

"सगळेच घाबरतात. संरक्षण असतं ते."

"दोन उरलेत असं लिहिलंय तुम्ही. दुसरा कुठला?"

आमोदनं मागच्या दगडाकडे बोट केलं. प्रवाळाच्या आड, पाठ करून, एक शिंपला बसवलेला होता. रावसाहेबांनी त्याच्यावरून हात नेला. एकदा, दोनदा, तीनदा.

"हा का दचकत न्हाई, साहेब?"

स्पृहा पुढे झाली, टाकीच्या बाजूला जाऊन तिनं वाकून पाहिलं, आणि तिचा हात तोंडाशी गेला.

"आमोद, हा तर रिकामा आहे."

५

"कधी मेला?" रावसाहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"गुरुवारी."

"जयाचा पास शनिवारी रद्द झाला. त्यानंतर पाच दिवसांनी, ती गेटच्या आतसुद्धा नसताना, तिसरा मेला. आणि मेलेला शिंपला धुऊन, पाठ फिरवून परत जागेवर ठेवला. का?"

आमोद भिंतीला टेकला.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा." रावसाहेबांनी वही मिटली. "तांदूळ पाण्यात टाकला तर तळाला जातो, तासाभरात फुगतो. हा तांदूळ काचेवर खांद्याइतका चढला होता. अर्ध्या तासात तीनातले दोन निघून गेले, आणि खाली पडलेही न्हाईत. जो चढतो आणि चालतो तो तांदूळ न्हवं. काहीतरी जिवंत होतं, आणि ते अंधारातच बाहेर यायचं. म्हणून ते फक्त जयाला दिसलं. ते जिवंत असावं असा संशय मला काल तिच्या घरी बसल्या बसल्याच आला होता. तिला मी विचारलं, कणी बोटानं हलवलीस का? ती म्हणाली, साहेबांच्या टाकीत हात घालायची मला मनाई हाय."

ते टाकीच्या खालच्या उघड्या कपाटाकडे वळले.

"इथं आल्यावर मला हे दिसलं." मिठाच्या डब्यामागून त्यांनी एक टूथब्रश काढला. नवा कोरा, पण केस कडक झालेले. "दात घासायचा ब्रश हॉलमध्ये कशाला? याचे केस चाटून पाहायची गरज न्हाई, मीठ वाळून पांढरं दिसतंय. कुणीतरी शिंपला घासतंय. तांदळानं मेले असं ज्याला वाटतं, तो शिंपला घासत न्हाई. घासतो तो, ज्याला रोग कळलाय. आणि कळलाय, पण बोलत न्हाई."

"गोगलगाई आहेत," आमोद म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्या. क्लॅमच्या ओठाला सोंड लावून रस पितात. दिवसा शिंपल्याखाली लपतात. सोमवारी पहाटे साडेपाचला मी टॉर्च मारला. आठ-दहा होत्या. एक काढून बोटांत दाबली. टणक होती."

"कुठून आल्या?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"चौथ्या क्लॅमबरोबर. हा जिवंत राहिलाय तोच. नवा शिंपला आणला की महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो, ब्रशनं घासायचा असतो. विकणाऱ्यानंही बजावलं होतं. पण तो आणला त्याच रविवारी ऑफिसची माणसं टाकी पाहायला येणार होती. मी तसाच आत टाकला."

"सोमवारी," स्पृहा सावकाश म्हणाली. "सोमवारी तुला कळलं. मंगळवारी मी तुला म्हटलं, जयाला परत बोलावूया, तिच्या हातून असं व्हायचं नाही. तू काय म्हणालास?"

आमोदला पूर्ण आठवत होतं.

"तू म्हणालास, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व," दिगंबरपंत म्हणाले. तेवढा एकच शब्द. मघाशी त्यांनी मान खाली घातली होती ती आता वर आली, पण मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं.

"मेल गेली होती," आमोद म्हणाला. "दीडशे लोकांनी वाचली. चौघांनी शाबासकी दिली. मी रोज ठरवायचो, आज लिहितो. मग गुरुवारी तिसरा मेला आणि वाटलं, आता तर कसं सांगणार. जितका उशीर होत गेला तितकं..." तो थांबला. "आणि मघाशी मी बाबांच्या गळ्यात घालायला निघालो होतो."

"ते मी पाहिलं," रावसाहेब म्हणाले. "तुरुंगात लई वेळा पाहिलंय. पण बाप स्वतःहून हात पुढं करतोय आणि पोरगा बेडी घालतोय, असं कमी."

रावसाहेबांनी वही काखेत मारली.

"पास उद्या सकाळी परत मिळेल. मेल तुम्ही आत्ता लिहा, मी समोर बसतो. पण एक सांगतो, जया मेल वाचत न्हाई."

६

चारच्या सुमारास आमोद येरवड्याच्या त्या गल्लीत स्कूटर लावून उभा होता. रावसाहेबांनी पत्ता दिला होता, सोबत यायला मात्र साफ नकार दिला होता. स्पृहाही आली नाही. "माझं मी तिला वेगळं सांगीन," एवढंच ती म्हणाली.

दारात जयाची सासू मालनबाई शेंगा सोलत बसली होती. तिनं त्याला ओळखलं नाही, पण त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि आत हाक मारली. जया बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायची त्यानं तयारी ठेवली होती. तिथं नुसती सावधगिरी होती, पुन्हा काय नवीन काढलं, अशी.

"जया, जरा आत येऊन बोलू?"

"काय आहे ते इथंच बोला."

त्यानं सांगितलं. खाली पाहत, भराभर. तांदूळ नव्हता, गोगलगाई होत्या, चूक त्याची होती. त्याला सोमवारीच कळलं होतं, हेही त्यानं सांगितलं. ते गाळायचा मोह स्कूटरवरून येताना दोनदा झाला होता.

जयानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी दाखवलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं."

"नाही."

"बरं." तिनं पदर खोचला. "तुमच्या घरी मी येणार नाही. बाकीची तीन घरं मला परत पाहिजेत."

"मी स्वतः तिघांकडे जाऊन सांगतो. आजच."

"आणि इथलं?"

"इथलं म्हणजे?"

"वॉचमनचा भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो. त्यानं येऊन सांगितलं, जयानं मालकाच्या घरात विष टाकलं. इथं तांदळाचं विष झालं, साहेब. माझ्या पोरीला शाळेत विचारतात. आठ दिवस मी नळावर सगळ्यांच्या नंतर जाते." तिनं चपला पायात सरकवल्या. "चला."

नळ गल्लीच्या टोकाला होता. पाणी यायची वेळ होती आणि हंडे-कळश्यांची रांग लागली होती. जया येताना दिसली तशा बायका बोलायच्या थांबल्या. पिंपावर बसून पत्ते खेळणारे पोपट आणि कचरू या दोघा पोरांनीही पत्ते खाली ठेवले. जया रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"हे माझे साहेब. यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

हिंजवडीत साठ माणसांसमोर प्रेझेंटेशन देताना आमोदचा आवाज कधी कापला नव्हता. इथं तीस-पस्तीस डोळे होते.

"जयानं काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मी तिच्यावर खोटा आळ घेतला. खोटा आहे हे कळल्यावरही मी सहा दिवस गप्प बसलो."

रांगेच्या शेवटी एक म्हातारी कानामागे हात धरून पुढे वाकली होती. शेजारच्या बाईला ती विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

"मोठ्यानं, साहेब," जया म्हणाली. "सोजरबाईंना कमी ऐकू येतं. आणि गल्लीभर त्याच सांगतात."

आमोदनं घसा खाकरला, मान वर केली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.